भट्टीपुढचा नारळ

आण्णांनी ती बातमी मला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून सांगितली. तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, याचा मला आजही राग येतो.

"हिंदुराव, ह्या वृंदा किणीकर," आण्णा म्हणाले. "सांगलीला इंजिनिअर झाल्यात. पुण्याला मोठ्या फौंड्रीत हुत्या. उद्यापास्नं आपली फौंड्री ह्या बघतील. तू हाईसच की संगट."

शेजारच्या खुर्चीत तिशीतली एक बाई बसली होती. केस घट्ट बांधलेले, साधा पंजाबी ड्रेस आणि पायात पुरुषी, जाड, काळे बूट. मी नमस्कार केला. तिनंही केला आणि म्हणाली, "हिंदुरावदादा, मला तुमची खूप मदत लागणार आहे." मी म्हणालो, लागेल तेव्हा सांगा. तोंड हसरं ठेवलं होतं, आत काय चाललं होतं ते माझं मला माहीत.

भूपाल आण्णा चौगुले आमचे मालक. कोल्हापूरबाहेरच्या एमआयडीसीत त्यांची फौंड्री होती आणि तिथं आम्ही पंपांच्या बॉड्या ओतायचो. आधीचे मॅनेजर निवृत्त झाल्यापासून त्यांचं सगळं काम मीच बघत होतो. आण्णा चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, फौंड्री म्हणजे हिंदुरावच. तेवढ्यावर विसंबून मी घरी बायकोला, मालनला, सांगून बसलो होतो की दिवाळीच्या आत मी मॅनेजर होणार. मालननं ते गल्लीत सांगितलं, आणि गडहिंग्लजला तिच्या भावालाही कळवलं. आता तिथून परत कसं यायचं, हा प्रश्न होता.

त्या संध्याकाळी मी मालनला एवढंच सांगितलं की एक बाई आलीय, टिकणार नाही.

टिकणार नाही असं मी म्हणालो, त्याला कारण होतं. फौंड्रीत खुर्ची आण्णा देतात, पण मान गडी देतात. आमच्याकडं त्याची एक रीतच होती. खंडेनवमीला सगळी हत्यारं, साचे, लॅडल धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी भट्टी थंड ठेवायची. ऑफिसातल्या देवापुढचा नारळ आण्णा फोडत. भट्टीपुढचा नारळ मात्र गड्यांचा. ओतणाऱ्यांचा म्होरक्या तो नारळ हातात घेऊन उभा राहायचा आणि ज्याच्या हातात द्यायचा, त्यानं फोडायचा. कुणी सुचवायचं नाही, कुणी मागायचं नाही. आधीच्या मॅनेजरना तो मान कधी मिळाला नाही, ते बिचारे दरवर्षी बाजूला उभे राहून टाळ्या वाजवायचे. नारळ माझ्या हातात यायचा. माझ्या घरी खंडेनवमीचं खोबरं सगळ्या गल्लीत वाटलं जायचं ते त्यामुळं.

म्हणून मी ठरवलं की काही बोलायचं नाही. खंडेनवमी येईल, नारळ माझ्या हातात पडेल आणि आण्णांना दिसायचं ते आपोआप दिसेल.

मॅडमची पहिल्या काही दिवसांची वागणूक बघून मला धीरच आला. ती दिवसभर शॉपमध्ये नुसती फिरायची. साचे भरणाऱ्यांच्या मागून, भट्टीसमोरून, ओतायच्या वाटेवरून, आणि सगळीकडं मान खाली घालून. माणसांच्या तोंडाकडं बघून बोलणं नाही की आवाज चढवणं नाही. मी इलाहीला म्हणालो, "नवी नवरी फिरतीया बघ." इलाही मुल्लाणी आमचा भट्टीवाला, हसऱ्या तोंडाचा माणूस. पण तो तेव्हा हसला नाही. म्हणाला, "असू द्या दादा. काम समजून घेत्यात."

नंतर एकदा मी माझ्या टेबलावरून बघितलं तर ती तातोबापुढं जमिनीवर बसली होती. पुढ्यात पुठ्ठा, हातात खडू, काहीतरी गोलगोल आकृत्या काढणं चाललेलं. मग ती पुढच्या माणसाकडं सरकली, तिथंही तेच. मी स्टोअरकीपरला म्हणालो, मॅडम रांगोळी शिकवतायत वाटतं. तो हसला. त्या आठवड्यात माझ्या विनोदाला हसलेला तो एकटाच होता.

तातोबा म्हणजे तोच म्होरक्या, ज्याच्या हातात नारळ असतो. माझ्याच गावचा, वयानं मोठा, म्हणून मला अरेतुरे करायचा. मला या लायनीत त्यानंच आणलं. लॅडलच्या पुढच्या दांड्याला तो असायचा. लॅडल म्हणजे लोखंडाच्या रसाची बादली; दोन लांब दांड्यांत अडकवलेली असते आणि पुढं एक, मागं एक असे दोन गडी ती उचलून साच्यापर्यंत नेतात. इतकी वर्षं असा रस वाहून त्याच्या दोन्ही पावलांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. ते डाग तो कौतुकानं दाखवायचा. आमच्याकडं बरेच गडी चपलेवरच ओतायचे. फाटक्या कॅनव्हासच्या बुटात रसाचा थेंब अडकला तर पाय आत शिजतो, चप्पल निदान झटकता येते, असा त्यांचा हिशोब. मी स्वतः जन्मभर कोल्हापुरी चप्पल घालून फौंड्री केली आणि त्याचा मला अभिमान होता.

महिनाभरात मात्र माझ्या पोटात दुखायला लागलं. झालं असं की गडी तिच्याकडं जायला लागले. साचा ढासळला, मॅडमला विचारा. वाळूत ओल वाटते, मॅडमला दाखवा. आधी ही माणसं माझ्या टेबलापुढं उभी राहायची, मी वर बघेपर्यंत थांबायची. आता ती टेबलाजवळून जायची आणि जाताना मला नमस्कार करायची. तो नमस्कार मला फार झोंबायचा.

ती त्यांच्यात बसून चहा प्यायची हे मी बघितलं. म्हटलं, त्यात काय, आपणही पिऊ. दुसऱ्या दिवशी कप घेऊन मीही साच्यांपाशी जाऊन बसलो. गप्पा चालल्या होत्या त्या बंद झाल्या. इलाहीनं उठून मला स्टूल दिलं. तातोबानं विचारलं, "काय चुकलं का रं आमचं?" आणि सगळ्यांनी उभ्या उभ्या चहा संपवून कामाला सुरुवात केली. त्या स्टुलावर मी एकटाच उरलो.

घरी मी रोज तिच्याविषयी बोलायचो. आज मॅडमनी हे केलं, आज मॅडम असं म्हणाल्या, आण्णांनी मॅडमना काय विचारलं आणि मला काय विचारलं नाही. मालन भाकऱ्या थापत ऐकायची. एकदा म्हणाली, "आज मॅडमनी काय घातलं हुतं तेवढंच सांगायचं ऱ्हायलं बगा." मी जेवणाचं ताट सारून उठलो. ती म्हणाली, "बसा, बसा. जेवा. कामावर कुणी जातंय आन घरात कुणी येतंय तेच कळंना झालंय."

गणपतीच्या थोडं आधी मॅडम माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "हिंदुरावदादा, स्टोअरमध्ये तुमच्या नावाचं एक खोकं ठेवलंय. घेऊन जाल का?"

मी म्हणालो, "बघू."

मला वाटलं फायली असणार. पुण्याहून येणारी माणसं आली की कागद वाढतात, आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात मारायचं असेल. नंतर आणखी एकदा तिनं आठवण केली. मी कामात आहे असं सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "बरं. पण तोपर्यंत ओतताना पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं थांबा." ओतायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तिनं पिवळे पट्टे मारून घेतले होते. मला, ज्यानं या फौंड्रीचा पहिला साचा बघितला त्या मला, तिनं पट्ट्याच्या बाहेर उभं केलं होतं. मूग गिळून टेबलाशी उभा राहिलो आणि पुढं रोज तिथूनच तिच्यावर नजर ठेवली.

अशी खंडेनवमी आली.

आदल्या दिवशी दरवर्षी आम्ही काम बंद ठेवून शॉप धुतो. त्या वर्षी मात्र एका गिऱ्हाइकाच्या बॉड्या अडल्या होत्या, संध्याकाळी ट्रक यायचा होता. मॅडमनी तातोबाला विचारलं, सकाळी एकच भट्टी ओतून घेऊ का. तातोबा हो म्हणाला, पण एवढंच म्हणाला की धुणंपुसणं उशिरा लागलं तर पोरंबाळं घरी वाट बघत बसतील. तेव्हा तिनं तोड काढली. ओतण्याची वाट सोडून पलीकडच्या टोकानं धुवायला सुरुवात करायची, इकडं ओतून होईपर्यंत तिकडचं अर्धं काम उरकेल. ओतायच्या वाटेवर तिनं कोरड्या वाळूचा जाड थर टाकून घेतला. गडी खूश झाले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भट्टी पेटवायला मी सांगितलं असतं तर हेच गडी मला रीत शिकवायला आले असते, असं माझ्या मनात आलं.

आमच्याकडं आणखी एक रीत होती, ती म्हणजे शब्दाची. लॅडल भरलं की लगेच उचलायचं नाही. जो फौंड्री बघतो त्यानं रांगेच्या टोकाला उभं राहून मोठ्यानं 'ओता' म्हणायचं, मग गडी हलतात. आणि एकदा शब्द दिला की तो मागं घ्यायचा नाही. मी कधी घेतला नव्हता. रस भांड्यात थांबत नाही, आणि शब्द मागं घेणारा माणूस पुन्हा त्या जागेवर उभा राहू शकत नाही, असं आम्ही मानायचो.

इलाहीनं भट्टी वाकवली. पांढरा रस लॅडलमध्ये उतरला. तातोबा पुढं, त्याचा जोडीदार मागं. मॅडम म्हणाली, "ओता."

ते चार पावलं आले आणि मला दिसलं की वाटेवरच्या वाळूखालून काळी रेघ पुढं सरकतेय. पलीकडचं पाणी फरशीच्या उतारानं वाळूच्या थराखाली शिरलं होतं. वरून वाळू कोरडी आणि खाली पाणी. ओल्या फरशीवर लोखंडाचा रस सांडला तर पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि बार उडावा तसा रस उडतो. फौंड्रीतल्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या दिवशी सांगतात.

खरं सांगायचं तर ती रेघ बघून मला आनंद झाला. भीती नंतर वाटली, आधी आनंद झाला.

मी ओरडलो, "थांबा. खाली पाणी हाय."

आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. ते तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं, इतके दिवस त्याचीच वाट बघत होतो. तिचा चेहरा उतरला. माझ्या आवाजानं गडी जागच्या जागी थबकले, लॅडल हिंदकळलं, ओंजळभर रस खाली पडला आणि फाडकन आवाज झाला. ठिणग्यांचा लोट उठला. मॅडमची मान खाली गेली. लाजेनं गेली असं मी समजलो आणि मला फार बरं वाटलं.

"जागेवरच थांबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तातोबा, लॅडल सरळ. आता आलात तसे मागं या, आपल्याच पावलांवरून. पिगच्या पेटीत ओतून टाका."

ते मागं गेले. उरलासुरला रस ओतायची पिगची कोरडी पेटी भट्टीशेजारी असते, तिच्यात तो ओतला गेला, म्हणजे वाया गेला. बॉड्या झाल्या नाहीत. ट्रक रिकामा जाणार हे सगळ्यांना कळलं. आणि तिनं शब्द मागं घेतला होता, सगळ्यांसमोर.

"चूक माझी आहे," ती गड्यांना म्हणाली. "ओतून होईपर्यंत पाणी सोडायलाच नको होतं. हिंदुरावदादांनी बघितलं म्हणून बरं." थोड्या वेळानं आण्णा खाली आले तेव्हा त्यांनाही तिनं हेच, याच शब्दांत सांगितलं. माझ्याकडं हात करून सांगितलं. आण्णा गिऱ्हाइकाला फोन करतो म्हणाले आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले. कुणाला काही झालं नव्हतं. तातोबा पाय झटकत पाणी प्यायला गेला.

घरी जाताना मी अर्धा किलो पेढे घेतले. मालनला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. तिनं विचारलं, "मग बाई काय म्हणाल्या?" मी म्हणालो, काय म्हणणार, कबूल केलं. "सगळ्यांम्होरं?" तिनं विचारलं. सगळ्यांसमोर, आण्णांसमोरसुद्धा, असं मी ठसक्यात सांगितलं. मालन पेढा हातात धरून विचार करत बसली. मला वाटलं ती माझाच विचार करतेय.

खंडेनवमीला मी नवा शर्ट घातला. भट्टी धुऊन, झेंडूच्या माळा घालून सजवली होती. हत्यारं ओळीनं मांडली होती. इलाहीनं दरवर्षीप्रमाणं भट्टीला स्वतःच्या हातानं हार घातला. मी पुढच्या रांगेत, नेहमीच्या जागी उभा राहिलो. मॅडम मागं, ऑफिसातल्या बायकांच्या घोळक्यात होती. तातोबानं नारळ उचलला, त्याला हळदकुंकू लावलं आणि वळला. मी उजवा हात थोडा पुढं केला.

तातोबा माझ्या शेजारून गेला. मी हात खिशात घातला.

त्यानं नारळ मॅडमच्या हातात दिला. ती गोंधळली, मला फोडता येत नाही म्हणाली. कुणीतरी दगड पुढं सरकवला. पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. मी वाट बघत होतो की कुणीतरी हसेल, निदान कुजबुजेल. दुसऱ्या फटक्यालाही फुटला नाही. सगळे गप्प उभे होते. इलाही एवढंच म्हणाला, "जरा खाली धरा मॅडम, शेंडीकडनं." तिसऱ्याला फुटला, पाणी तिच्या ड्रेसवर उडालं, आणि जी टाळी पडली तशी टाळी माझ्या नारळाला कधी पडल्याचं मला आठवत नाही. मी टाळ्या वाजवल्या. बाजूला उभा राहून, आधीच्या मॅनेजरसारख्या.

त्या वर्षी गल्लीत खोबरं गेलं नाही. मालननं विचारलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिली भट्टी तापत होती तेव्हा मी तातोबाला लॅडलपाशी गाठलं. तो आतला लेप कोरडा झालाय का ते हात फिरवून बघत होता. आडून बोलायची माझ्यात ताकद राहिली नव्हती.

"तात्या, चूक तिची झाली," मी म्हणालो. "पानी मी बघितलं. थांबा मी म्हणालो. मी नसतो तर तू आज हितं नसतास."

"खरं हाय," तातोबा म्हणाला.

"मग नारळ?"

तो लेप चाचपत राहिला. "तू वरडलास तवा मी तुज्याकडं बघितलं. पानी कुठनं येतंय, पाय कुठं टाकायचा, ते तू दावशील म्हणून. तू बघत हुतास मॅडमच्या तोंडाकडं."

मी लॅडलचा दांडा उगाच नखानं खरवडायला लागलो.

"आन मॅडम बघत हुत्या आमच्या पायाकडं," तो म्हणाला. "तू बरोबर हुतास, हिंदुराव. पर भरलेलं लॅडल हातात असताना मला बरोबर माणूस घिऊन काय करायचाय? मला माज्याकडं बघणारा पायजे."

तेवढ्यात मॅडम आली. मी तोंड फिरवलं, पण ती माझ्याशीच बोलायला आली होती. म्हणाली, "हिंदुरावदादा, परवा तुमची नजर माझ्यापेक्षा पुढं होती. आज शब्द तुम्ही द्या." आणि रांगेच्या टोकाची तिची जागा सोडून बाजूला झाली.

मी त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. तिनं दान दिलं म्हणून जीव जळत होता आणि तरी पाय तिकडं गेलेच. इलाहीनं भट्टी वाकवली. लॅडल भरलं. तातोबा आणि त्याचा जोडीदार दांडे धरून माझ्या शब्दाची वाट बघत उभे राहिले. ओता म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मघाचं तातोबाचं बोलणं डोक्यात घोळत होतं म्हणून असेल, खाली बघितलं.

तातोबाच्या पायात बूट होते. जाड, काळे, लेसवर चामड्याची झडप असलेले, मॅडमच्या पायात होते तसेच. जोडीदाराच्या पायात तसेच. इलाहीच्या पायात, साचे भरणाऱ्या प्रत्येकाच्या पायात तसेच. तातोबाच्या उजव्या बुटाच्या चवड्यावर जळून पडलेले खड्डे होते, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, दाट. रस सांडला तेव्हा तो तिथं पडला होता. मी तीन दिवस सगळ्यांना सांगत होतो की मी ओरडलो म्हणून कुणाला काही झालं नाही.

"बूट कवा आलं?" मी विचारलं. शब्द द्यायच्या जागेवर उभा राहून हे विचारणारा मी पहिलाच असेन.

"गणपतीच्या आदी," तातोबा म्हणाला. "तुज्या टेबलाम्होरनंच पेट्या आत गेल्या की. पुठ्ठ्यावर पाय ठिवून मापं घेतली हुती मॅडमनी. तुजं माप तू देनार न्हाईस म्हणून टेबलाखालची तुजी चप्पल मीच दिली काढून."

मी तसाच उभा होतो. सगळी रांग माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. सगळी रांग माझ्या पायांकडं बघत होती. पिवळ्या पट्ट्याच्या आत, रसापासून चार हातांवर, चप्पल फक्त माझ्या पायात होती.

इलाहीला मॅडमनी हातानं खूण केली, आणि त्यानं लॅडलमधला रस पुन्हा भट्टीत घेतला. जराशानं पुन्हा भरू, असं तो सहज म्हणाला. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी स्टोअरमध्ये गेलो. खोकं वरच्या फळीवर होतं, माझं नाव लिहिलेलं, धूळ बसलेलं. तिथंच एका पोत्यावर बसून मी बूट पायात चढवले. शॉपमध्ये इतकी माणसं माझ्यासाठी थांबली होती आणि मी लेस बांधत होतो. उठलो, दोन पावलं टाकून बघितली.

बूट अगदी मापाचे होते. एखाद्या बोटाला तरी ते चावतील, अशी माझी फार इच्छा होती.